भुऱ्याची भीती

पलूस, मळा
१९ फेब्रुवारी २०२४

जयजिनेंद्र.

चि. सौ. चंदनास, दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपण भांडतो आणि कागदावर भांडत नाही, हा शोध तुझाच. म्हणून लिहितो.

इकडं सगळे बरे आहेत. द्राक्षं उतरायला लागली. माल गोड आहे, व्यापारी कडू आहेत. तुझी ब्राह्मी वहिनी दिवसभर पॅकिंगच्या बायकांत उभी असते. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला आहे आणि त्यामुळं घरात शांतता आहे. हे तिला वाचून दाखवू नकोस.

काळजीचं एकच. गेल्या आठवड्यात चोरांनी मळ्यातल्या मोटारीची केबल कापून नेली. भिंतीपलीकडं आई झोपली होती. तिला म्हटलं, आता तरी गावातल्या घरी ये. ती म्हणाली की नाना ज्या खोलीत गेले तिथून मला चोर हलवणार असतील तर घर चोरांच्याच नावावर करा. तिला कशाचीच भीती वाटत नाही. तिच्या वाटणीची भीतीही मलाच वाटून घ्यावी लागते.

म्हणून कुत्रं आणलं. जतला लेंडीखत ठरवायला गेलो होतो. बाजाराच्या कडेला एक जण पोत्यात पिल्लं घेऊन बसला होता. कारवानी जात आहे, मोठं झालं की वस्तीवर माणूस फिरकणार नाही, असं म्हणाला. त्यातलं एक उचललं. रंग भुरा, म्हणून आईनं नाव भुऱ्या ठेवलं. ती त्याला दूध-भाकरी चारते. जैनाच्या दारचं कुत्रं जैनच असणार, असं तिचं म्हणणं. ब्राह्मी म्हणते, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मला या घरात असा घास कुणी भरवला नाही.

तू जनावरांची डॉक्टर. कसली सुई कधी टोचायची ते कळव. अरिहंतरावांना नमस्कार. तुझी माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझा दादा,
धनपाल


सातारा
२५ फेब्रुवारी

ती. दादास, चंदनाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीला वाचून दाखवलं नाही. फोटो काढून पाठवला. तुझं कुशल कळव.

आईला एकटी ठेवायची नाही म्हणून तू कुत्रं आणलंस, हे बरं केलंस. सुयांचं नंतर बघू, आधी त्याचं वय कळायला हवं. दूध-भाकरीवर पिल्लाची हाडं धरत नाहीत. निदान अंडं तरी द्यावं लागेल. आई काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, म्हणून हे तुला लिहिते.

आमच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात या आठवड्यात पोपटाची पिल्लं आली. एका गाडीत चपलांच्या खोक्यांत भरलेली सापडली. पिसं कापलेली, बरीचशी गुदमरून मेलेली. ज्यानं ती विकत घेतली होती तो सारखा सांगत होता की हे पक्षी परदेशी आहेत, पाळायला बंदी नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच सांगून विकले होते. आमच्याकडं येणारी पुष्कळ जनावरं अशी दुसऱ्याच नावानं विकलेली असतात.

म्हणून विचारते. भुऱ्या भुंकतो का? शेपूट वर वळतं की खाली लोंबतं? अंगाच्या मानानं पावलं मोठी आहेत का? डोळे कसले आहेत? सहज विचारते आहे. पण उत्तर लवकर लिही.

आईला माझा नमस्कार सांग. तिच्याजवळ रात्री कुणीतरी झोपत जा. माझ्यावर रागावलास तरी प्रेम तेवढंच ठेव.

तुझी,
चंदना


पलूस
३ मार्च

जयजिनेंद्र.

चि. सौ. चंदनास, दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तू सहज विचारलंस असं लिहिलंस. तुझं सहज मला लहानपणापासून माहीत आहे. नाना आजारी पडले तेव्हाही तू फोनवर सहजच विचारलं होतंस, त्यांना जिना चढताना धाप लागते का.

भुंकत नाही. अजून एकदाही नाही. साखर कारखान्याचा भोंगा झाला की मान वर करतो आणि त्या सुरात लांब आवाज काढतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली कात्री पडली. आई म्हणते, आरती म्हणतोय. शेपूट लोंबतं. पावलं मोठी आहेत. डोळे पिवळे आहेत, मधासारखे, आणि तो ते माणसावरून काढत नाही.

आणखी सांगतो. वस्तीवरची कुत्री आपल्या बांधाच्या अलीकडं येत नाहीत. परवा त्याचा वास लागताच म्हशीनं दावं तोडलं. शेजारचा धोंडिराम दूध घालायला आला होता. त्यानं भुऱ्याकडं नीट बघितलं, खाली बसून बघितलं, आणि त्याची शेळी बांधावरून सोडून घरी घेऊन गेला. मी मागून जाऊन विचारलं, काय झालं रं. तो म्हणाला, मालक, मला इचारू नका, ताईंना इचारा.

तेव्हापासून मला जेवण जात नाही. आईला मात्र काही नाही. तो तिच्या अंथरुणाला पाठ लावून झोपतो. त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकायला लागलेत, तेवढीच तिला काळजी. तेल लावून चोळते.

काय आहे ते स्पष्ट लिही. उत्तराची वाट बघतो.

धनपाल


सातारा
७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

हे पत्र कृष्णात घेऊन येतो आहे. आमच्या केंद्रात तो जनावरं सांभाळतो आणि त्याची सासुरवाडी पलूसला आहे. काल फोन केला तर तुझ्याजवळ माणसं बसली होती, त्यामुळं आपण उगीच द्राक्षांचं बोललो.

भुऱ्या कुत्रा नाही. लांडगा आहे.

जतच्या माळावरच्या एखाद्या बिळातून काढून आणलेला असणार. पोत्यातली बाकीची पिल्लंही तीच. ती आता कुणाकुणाच्या दारात बांधलेली असतील, या विचारानं मला इथं बसवत नाही.

घाबरू नकोस असं लिहिणार होते. पण मी स्वतः घाबरले आहे, तेव्हा ते राहू दे. लांडगा घरात ठेवणं गुन्हा आहे, माहीत नसताना ठेवला तरी. तू स्वतःहून सोपव. मी इथल्या वनाधिकाऱ्यांशी तुझं नाव न घेता बोलले. ते पंचनामा करतील, तुझा जबाब घेतील. पुढं काय होईल ते मला माहीत नाही आणि मी तुला खोटा धीर देणार नाही. पण तुला कळल्यानंतर जितके दिवस तो घरात राहील तितकं कठीण होईल.

तोवर कुणाला दाखवू नकोस. विकणाऱ्याकडं परत नेऊ नकोस, तो आणखी कुणाच्या गळ्यात मारेल. आणि काही झालं तरी डोंगरात सोडून येऊ नकोस. ज्या लांडग्याला माणसाची भीती नाही तो उपाशी राहिला की माणसाकडंच जाणार. पहिल्या वस्तीवर काठ्यांनी मारतील. मारणाऱ्यांचीही चूक नसेल, कारण त्यांच्या अंगणात मुलं असतात.

आईला तू सांग. मला जमणार नाही.

चंदना


पलूस
१२ मार्च

चि. चंदनास, आशीर्वाद.

फोनवर याबद्दल एक शब्द बोलू नकोस. मी ऐकलंय की बोललेलं सगळं कुठंतरी साठत राहतं. लिही, आणि माझी पत्रं वाचून फाडून टाक.

तू नको म्हणालीस तेच मी केलं. रागावायचं असेल तर आत्ताच रागावून घे.

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी पोलिसाची गाडी रस्त्यानं गेली तरी मी गोठ्यात जाऊन बसत होतो. विकणाऱ्यानं दिलेला नंबर फिरवला तर तो म्हणाला, तुमी कोण, मी तुमाला कवाच बघितलं न्हाई. मग मी भुऱ्याला पोत्यात घातलं आणि मोटारसायकलवर सागरेश्वरच्या डोंगराखाली घेऊन गेलो. आईला सांगितलं की दवाखान्यात नेतो. पोतं उघडलं. तो बाहेर आला, माझ्या पायाशी बसला. मी गाडीला किक मारली आणि निघालो. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. त्या वाकड्या पायांनी तो मागं पळत होता. पडत होता, उठत होता, पण आवाज काढत नव्हता. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी गाडी थांबवली. नसती थांबवली तर तो मेला असता. थांबवली, आता मी मरतो.

परत आणून आईला खरं सांगितलं. तिनं त्याच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली. मला म्हणाली की केस घालायची असेल तर माझ्या नावानं घाला, म्हाताऱ्या बाईला तुरुंगात काय करणार, तिथंही गाळूनच पाणी पिईन. मग म्हणाली, लांडगा असो की आणखी काही, जीव आहे, माझ्या दारात त्याला अभय आहे.

अधिकाऱ्यांना घेऊन ये. लवकर ये. येताना गाडीवर मोठ्या अक्षरात काही लिहिलेलं नसेल असं बघ. इथं शेजारी वाचता येणारे आहेत.

धनपाल


सातारा
१४ एप्रिल

ती. आईस, चंदनाचा सा. न. वि. वि.

त्या दिवशी भुऱ्याला गाडीत घालताना तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. म्हणून आज तुलाच लिहिते. वहिनी वाचून दाखवेल.

तो आता उभा राहतो. त्याला मुडदूस झाला होता. औषध, ऊन आणि त्याचं स्वतःचं अन्न मिळाल्यावर हाडं भरायला लागली आहेत. एक पाय थोडा वाकडा राहील, पण पळता येईल. शेजारच्या कुंपणात एक मोठी मादी आहे, विहिरीत पडलेली वाचवली होती. ती माणूस दिसला की कोपऱ्यात दबकते, दात दाखवते. जाळीतून तो तिच्याकडं बघत बसतो. पुढच्या महिन्यात त्याला तिच्याजवळ सोडणार आहोत.

आता जे लिहिते ते तुला आवडणार नाही. इथं त्याच्याशी कुणी बोलत नाही. त्याला नावानं हाक मारत नाही. खाणं जाळीखालून सरकवतो, देणारा दिसू नये अशा बेतानं. तो माणसाकडं आला तर कृष्णात पत्र्याचा डबा बडवतो, खडे मारतो. तो दचकतो आणि पुन्हा येतो. पुन्हा डबा बडवायचा. त्याला आम्ही भ्यायला शिकवतो आहोत. तो माणसाला भ्यायला लागला तर त्याला माळावर सोडता येईल. नाही भ्याला तर जन्मभर पिंजरा. बाहेर सोडून मरू देणं हा तिसरा मार्ग आहे, आणि तो आम्ही घेणार नाही.

दादाचा जबाब झाला. अधिकारी त्याच्याशी नीट बोलले. पुन्हा बोलावतील तेव्हा जावं लागेल, एवढंच. त्याला जेवायला लाव.

माझ्यावर राग असला तरी वरचेवर आशीर्वाद देत जा.

तुझी,
चंदना


पलूस, मळा
२ मे

जयजिनेंद्र.

चि. चंदनास, आईचे आशीर्वाद. आई सांगतात तसं मी, ब्राह्मी, लिहिते आहे. एक शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे.

तुझं पत्र ऐकलं. दोनदा वाचून घेतलं. पाय सुधारला हे लय बरं झालं. मी त्येला चुकीचं खायला घातलं हे मला कळलं. मी काय मुद्दाम केलं न्हाई, पण पाय तर वाकडे झालेच की. त्येचं पाप मी कुणावर घालत न्हाई.

तू त्येला काय खायला घालतीस ते मला इचारायचं न्हाई. पण आपल्या हातानं घालतीस का, एवढं सांग. न्हाई, सांगू नको.

दुसरं. मी जलमभर एकच शिकले. मुंगी दिसली तर पाऊल उचलायचं. आपल्याला बघून कुठल्या जिवाला भ्या वाटू नये. तुला पण तेच शिकवलं. आन् तू तिकडं सरकारी पगार घेऊन पोराला भ्या शिकवतीस. डबा बडवून. त्यो रातचा भितोय का? हितं कवा कवा झोपेत पाय हलवायचा, तवा मी हात ठेवायचे, मग निजायचा. तिकडं हात कोण ठेवतं?

तू म्हणशील आईला कळत न्हाई. कळतंय. पण पटत न्हाई. ह्या दोन गोष्टी येगळ्या हाइत.

अरिहंतला जपून ऱ्हायला सांग. आंबा पाठवते.

आई

(वन्सं, मी ब्राह्मी. आई हे सांगताना एकदाही रडल्या नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटते. तुमचे दादा जेवतात. पण दारावर कुणी थाप मारली की मलाच आधी पाठवतात. अटक झाली तर माझी होईल, असा बेत दिसतो.)


सातारा
२१ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

गेले दोन महिने मी फक्त चांगलं लिहिलं, कारण चांगलंच होतं. तो त्या मादीबरोबर राहतो. तिच्यासारखा दबकतो, तिच्यासारखा वास घेतो. कृष्णातची चाहूल लागली की दोघं झुडपाआड जातात. मला बघूनही जातो. पहिल्यांदा गेला तेव्हा मी घरी येऊन अरिहंतला पेढे दिले. तो म्हणाला, जगात जनावर आपल्याला टाळतं म्हणून पेढे वाटणारी तू एकटीच असशील.

पण परवा एक गोष्ट घडली. झाडलोट करायला नवी बाई आली आहे. वयस्क आहे, फिकट सुती पातळ नेसते. तिला आतल्या वाटेनं जायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. ती जाळीशेजारून गेली. भुऱ्या झुडपातून बाहेर आला. मादी आतून गुरगुरत होती तरी आला. जाळीपाशी पोट जमिनीला लावून बसला आणि कान मागं टाकले. बाई कौतुकानं त्याच्याशी बोलायला लागली. मी लांबून हे बघितलं आणि बाईला हाक मारून बाहेर बोलावलं.

नंतर आम्ही मुद्दाम करून बघितलं. खाकी कपड्यातल्या माणसाला तो भितो. पँटमधल्या बाईला भितो. फिकट पातळ नेसलेल्या वयस्क बाईकडं जातो. खडे मारले तरी थोडा मागं सरतो आणि पुन्हा जातो.

जतच्या माळावर बिराप्पा म्हणून एक मेंढपाळ आहे. वनखात्याला लांडग्यांची खबर देतो. त्याला विचारलं, असा लांडगा तुमच्या वाड्यावर आला तर काय होईल. तो म्हणाला, आमच्या आया पोरं पाळण्यात घालून मेंढरामागं जातात. मेंढरू नेलं तर आमी देवाचं म्हणून सोडतो, पण पाळण्याकडं आला तर न्हाई सोडायचो.

दादा, मला जे मागायचं आहे ते मागताना लाज वाटते. त्याचा ज्या बाईवर विश्वास आहे तिनंच तो मोडायला हवा. आईनं यावं. हातात काठी घ्यावी, खडे घ्यावेत, आणि तो जवळ आला की त्याला मारावं. दुसरं कुणी मारून उपयोग नाही, ते करून झालं. वनखात्याचे मोठे साहेब म्हणतात, थंडीपर्यंत जमलं तर सोडू. न जमलं तर कायमचा पिंजरा. सहा पावलं इकडं आणि सहा तिकडं. असे लांडगे मी बघितले आहेत. ते फिरत राहतात आणि पावलं झिजून रक्त येतं.

तिला कसं सांगायचं ते तू ठरव. मी मुलगी आहे, ती मला नाही म्हणाली तर मी पुन्हा विचारू शकणार नाही.

चंदना


पलूस
३० ऑगस्ट

जयजिनेंद्र.

चि. सौ. चंदनास, दादाचे आशीर्वाद. वि. वि.

सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि निवडत राहिली. नंतर म्हणाली, चातुर्मास संपेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही असं व्रत घेतलं आहे, दिवाळीआधी विचारू नका. मी म्हटलं, दिवाळीनंतर येशील का. तर म्हणाली, तांदळात खडे फार आहेत यंदा.

आता हे हो आहे की नाही, तुझ्या पुस्तकात बघ. माझ्या पुस्तकात नाही.

ब्राह्मी म्हणाली, आईंचं पातळ नेसून मी जाते, मला खडे मारायची लय हौस आहे, रोज यांच्यावर नेम धरून बघते. आई हसली नाही. एरवी माझ्यावरच्या विनोदाला ती सगळ्यात आधी हसते.

त्यानंतर ती मंदिरात जास्त वेळ बसायला लागली आहे. तिथं आर्यिका माताजींचा चातुर्मास चालू आहे. त्यांना तिनं काय विचारलं माहीत नाही. काल मला एकदम म्हणाली, मारणाऱ्याच्या मनात राग नसला तर मार कमी लागतो का रं? मी म्हटलं, नानांच्या मनात कधीच राग नसायचा, पण मला लागायचं.

मलाही एक सांगायचं आहे. ते जनावर जन्मभर पिंजऱ्यात राहिलं तर मला झोप लागणार नाही. पोतं मी उचललं होतं. आरशात बघितलं तेही मीच.

सांभाळून राहा. लोभ आहे तसाच असू दे.

धनपाल


सातारा
८ डिसेंबर

ती. दादास, चंदनाचा सा. न. वि. वि.

सोडलं. दोघांनाही. तुला फोनवर एवढंच सांगितलं, कारण पुढचं कागदावरच सांगण्यासारखं आहे.

आई आली त्या दिवशीचं तुला नीट लिहायचं राहिलं. आदल्या दिवशी तिनं उपवास केला होता. सकाळी माझ्या खोलीत सामायिकाचं ध्यान करून बसली. मला म्हणाली की मनात राग नाही, लोभ नाही, त्याचं भलं व्हावं म्हणून करते आहे, एवढं मनाशी पक्कं केलं आहे. दुहेरी दाराच्या आत ती उभी राहिली. मागचं दार उघडं ठेवलं होतं. पडद्यामागं कृष्णात जाळं घेऊन आणि मी. तिच्या हातात काठी होती, ओच्यात खडे होते. काठी तिनं घट्ट धरली होती.

तो आला. लांबूनच तिला ओळखलं आणि पोटावर सरकत आला. ती हलली नाही. तो अगदी जवळ येईपर्यंत हलली नाही, तेव्हा मला वाटलं, संपलं, हिच्यानं होणार नाही. मग ती ओरडली. दादा, आईचा असला आवाज मी कधी ऐकला नाही. काठी त्याच्या तोंडावर बसली. पुन्हा बसली. तो उलटा फिरला तरी तिनं खडे टाकले, ओचा रिकामा होईपर्यंत. तो थेट मादीच्या मागं जाऊन दडला. संध्याकाळपर्यंत खाण्यालाही बाहेर आला नाही.

नंतर पुन्हा पुन्हा तपासलं. पातळातली बाई दिसली की पळतो. सगळ्यांत लांब पळतो. कृष्णातनं आईच्या पाया पडून सांगितलं की असं काळीज आमच्यातल्या कुणाचं नाही. मोठे साहेब सगळ्यांना तिची गोष्ट सांगतात. मीही सांगते. मला तिचा अभिमान वाटतो.

सोडला तेव्हा तो मागं वळला नाही. गळ्यात पट्टा आहे, त्यावरून कळतं तो कुठं आहे. बिराप्पाचा निरोप आला की बायका विहिरीवर निघाल्या होत्या, त्यांना बघून लांडग्याची जोडी नाला ओलांडून पार गेली. मी ते ऐकून पुन्हा पेढे घेऊन घरी गेले.

आई आता गावातल्या घरी राहायला आली असं वहिनीनं कळवलं. इतकी वर्षं आपण सांगत होतो ते आपोआप झालं. तिला माझा निरोप सांग की तिची मुलगी तिच्याइतकी धीराची नाही.

आठवण ठेव आणि पत्र पाठव.

चंदना


पलूस
३ जानेवारी

जयजिनेंद्र.

चि. चंदनास, आईचे आशीर्वाद.

हे मी माझ्या हातानं लिवते. ब्राह्मीला दिलं न्हाई. अक्षर लागलं न्हाई तर अंदाजानं वाच.

धनपालनं तुझं पत्र सगळ्यांना वाचून दावलं. मंदिरात पण सांगितलं. बायका येऊन हात जोडत्यात. मला ते सोसत न्हाई. म्हणून लिवते. ह्यो कागद कुणाला दावू नको.

मी मनाशी ठरवून आले हुते ते खरं हाय. माताजींनी सांगितलं हुतं, मन साफ ठेव, मग प्रायश्चित्त घे. मन साफ हुतं. काठी धरली तवा पण हुतं. मग त्यो आला. मी भुऱ्याला बघत हुते. लांबून त्यो भुऱ्याच हुता. जवळ आला तसा मला त्यो दिसंना. केवढं त्येचं डोकं झालंय गं. तोंडाला वास येत हुता. तू घालतीस त्येचा. त्यानं तोंड उघडलं. खुशीनंच उघडलं आसंल. मला नुसतं दात दिसलं.

मी भ्याले चंदना. चोराला भ्याले न्हाई, तुझं नाना गेलं तवा भ्याले न्हाई. तवा भ्याले. आता हा मला खातोय, एवढंच डोस्क्यात हुतं. त्येचं भलं, त्येचा माळ, काय बी न्हवतं. मी वरडले ती काय धीरानं वरडले न्हाई. काठी किती येळा मारली मला ठावं न्हाई. त्यो पळाल्यावर खडं मारलं ते कशाला मारलं? त्यो तर गेलाच हुता.

तुमी पडद्यामागनं बघून म्हणाला, काय बाईचं काळीज.

माताजींना मी सांगितलं की लांडग्याला मारलं. त्यांनी ठरवून केलेल्याचं प्रायश्चित्त दिलं, ते मी केलं. भिऊन मारलं हे सांगितलं न्हाई. सांगायला गेले, पण दारातनं परत आले. मळ्यातनं गावात आले ती पण त्याचसाठी. तिथं रातच्याला पानं वाजली की मला त्येचं तोंड दिसतं. आन् दिसलं की मी परत काठी हुडकते. मग लाज वाटती. ज्येच्या पायाला तेल चोळलं त्येला आता सपनात मारते.

त्यो बायकांना बघून पळतो हे चांगलं झालं. त्येचं आयुष्य वाचलं. त्यात माझं काय न्हाई.

तू एवढी शिकलीस, जनावराच्या मनातलं तुला कळतं, म्हणून इचारते. समोरचा आपल्याला ठरवून मारतोय का भिऊन मारतोय, हे जनावराला कळतं का? कळत नसंल तर लगेच लिव. कळत आसंल तर लिवू नको.

टपालवाला दुपारी येतो. मी दारातच बसलेली असते. येळेवर जेवत जा.

आई